मासोळीचं विरजण

मित्रांनो, टाकीच्या काचेला नाक लावून तुम्ही मला बघितलंत, तर पहिल्यांदा तेच नाक मुरडाल. मी एक जुना, काळपट, बुळबुळीत स्पंज आहे. घाटनांदूरच्या सुंदररावांच्या पडवीत माशांची टाकी आहे, तिच्यात मी उभा असतो. शिवाय माझा एक कोपरा गायब आहे. त्याची मला लाज वाटत नाही. तो झिजून गेलेला नाही, दिलेला आहे. कसा, ते ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा होतो, मऊ होतो आणि अगदी बिनकामाचा होतो. सुंदररावांची सून शिवकन्या हिने मला अंबाजोगाईच्या बाजारातून आणलं. गावातल्या ख्वाजा मिस्त्रीची आई रहेमतबी हिने आपल्या टाकीतले सोनेरी मासे तिला दिले आणि माझा संसार सुरू झाला. माझ्या पोटातून एक नळी जाते. पंप तिच्यात हवा सोडतो, बुडबुडे वर धावतात आणि त्यांच्या ओढीने टाकीतलं सगळं पाणी माझ्या अंगातून गाळून निघतं.

पण गाळणं हे माझं धाकटं काम. थोरलं काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया नावाचं विष तयार होतं. माझ्या भोकाभोकांत बारीक जिवाणूंनी घरं केली आहेत. ते हे विष पचवतात आणि त्याचं झाडांना मानवणारं खत करून सोडतात. ही वस्ती नीट वसायला महिना-दीड महिना गेला. तेवढे दिवस शिवकन्येने माशांना चिमटीचिमटीनेच खाऊ घातला. पुढेही ती आठवड्याला टाकीतलं चौथाई पाणी काढायची, त्याच काढलेल्या पाण्यात मला हलकेच दाबायची आणि परत जागेवर ठेवायची. साबण नाही, घासणं नाही. काढलेलं पाणी दारातल्या लिंबाला जायचं. त्या लिंबाची एक फांदी शेजारच्या छबुबाईंच्या अंगणात उतरली होती.

मग ते टँकरचं साल आलं.

विहिरी उघड्या पडल्या. गोठ्यातली जनावरं चारा छावणीला गेली. सुंदरराव गावच्या दूध संस्थेचे सचिव. उभा जन्म त्यांनी दुधाचे कॅन कडक पाण्यात सोडा टाकून धुऊन घेतले होते. कॅनमध्ये डोकं घालून वास घ्यायचे; जरा आंबूस वाटला की कॅन परत. आता दूधच येईना. संस्थेत कॅन पालथे पडले आणि घरात सुंदररावांचे हात.

एकदा छबुबाई पडवीत येऊन टेकल्या.

"मानसांना प्यायला पानी न्हाई आन तुज्या मासळ्या पवत्यात. लई थाट हाय बाई."

"मावशी, तुमच्या अंगनातल्या लिंबाला कोन पानी घालतं?" शिवकन्या म्हणाली.

"मी तर कंदी न्हाई घातलं."

"मग त्या मासळ्याच घालत असत्याल."

छबुबाई उठून गेल्या. जाताना दोन लिंबं मात्र तोडून नेली.

सुंदरराव सगळं ऐकत होते. त्यांच्या मनात काय आलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. शिवकन्या टँकरवर नंबर लावायला गेलेली. त्यांनी मला टाकीतून काढलं, वास घेतला आणि मान हलवली.

"कावून असा मळकट ऱ्हायलास रं? माज्या घरात?"

चुलीवर पाणी खळखळलं. त्यात सोडा पडला, आणि सोड्यात मी. मित्रांनो, त्या हातांत राग नव्हता. किती दिवसांनी त्यांना धुवायला काहीतरी मिळालं होतं. त्यांनी मला मायेने दाबलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. दर पिळण्याला माझी एकेक गल्ली ओस पडत गेली. शेवटी मी कोरा करकरीत झालो, बाजारातल्या पहिल्या दिवसासारखा.

"बघ," ते शिवकन्येला म्हणाले, "दूध संघाच्या तपासनीला ठिवला तरी पास व्हईल."

तिला काहीतरी खटकलं. पण सासऱ्याच्या तोंडावर फार दिवसांनी हसू होतं. तिने मला तसाच टाकीत ठेवला.

टाकीतलं पाणी आरशासारखं दिसू लागलं. आणि दोन-तीन दिवसांत मासे वर आले. पाण्याच्या पापुद्र्याला तोंड लावून आ-आ करू लागले. "आशक्त झाल्यात, जरा जादा खायाला घाल," म्हणत सुंदररावांनी स्वतःच मूठभर खाणं टाकलं. मला ओरडावंसं वाटलं. ते विष पचवायला माझ्यात कुणी उरलं नव्हतं, आणि सुंदरराव ते आणखी वाढवत होते. शिवकन्या टाकीजवळ बसून हळू आवाजात म्हणत होती,

*पानी गं निवळलं, काच आरसा झाली बाई*
*मासोळी माजी मातर, खाली उतरंना काई*

ओवी ऐकून सुंदरराव उठले. गोठा आधीच रिकामा होता. आता टाकीही रिकामी झाली, तर घरात हलतं-डुलतं काही उरणार नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. "चल," ते म्हणाले. मला डब्यात घातलं आणि सासरा-सून रहेमतबींच्या दारात जाऊन उभे राहिले.

रहेमतबींनी मला हातात घेतलं, हुंगलं.

"भाऊ, याला सोड्याचा वास येतोय."

"मीच धुतला. कॅनासारका."

"या अल्ला. यात जीव ऱ्हात होते भाऊ. मळ दिसतो, तो नुसता मळ नसतो. पानी तेच तर सांभाळतात."

सुंदररावांनी मला परत आपल्या हातात घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मी इरजनच उकळून टाकलं म्हना की."

"तेच."

"मग तुमच्यातलं थोडं द्या." आणि लगेच बाहेर बघून ते घुटमळले. दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर विरजण कुणी मागत नाही, कुणी देत नाही, ही त्यांच्या घरची रीत. "न्हाई तर सकाळी येतो."

"सकाळपर्यंत मासळी थांबती का?" रहेमतबी हसल्या. "चुलीजवळच्या इरजनाला दिवेलागन असती. हे पान्यातलं हाय. घ्या."

त्यांनी आपल्या टाकीतला जुना स्पंज काढला, कातरीने त्याचा तुकडा कापला आणि त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यात ठेवला. "वाळू देऊ नका. माज्या टाकीतलंच पानी असू द्या."

घरी आल्यावर शिवकन्येने उरलेलं खाणं उपसलं, बरंचसं पाणी काढलं. नवं कुठून घालणार? टँकरच्या ताज्या पाण्यात औषधाची पावडर असते. माणसांना ती हवी, पण माशांना आणि माझ्या वस्तीला ती जाळते; पाणी उघड्यावर दिवस-दोन दिवस मुरलं तरच चालतं. मुरलेलं पाणी घरात एकच होतं, प्यायच्या रांजणातलं.

"रांजनातलं काढ," सुंदरराव म्हणाले.

"मामा, टँकर परवा यायचाय."

"मी संस्थेतल्या माठातलं पिईन. काढ तू. आन हळूहळू सोड, थंडगार हाय ते."

रहेमतबींचा तुकडा माझ्या अंगाला दोऱ्याने बांधला गेला. माशांचं खाणं बंद, पंप चालू. वीज गेली की सुंदरराव तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून वरून धार धरत, म्हणजे हवा मिसळेल. कॅन धुणाऱ्या हातांना पुन्हा काम लागलं. रोज थोडं मुरलेलं पाणी बदललं जाई. हळूहळू मासे खाली उतरले. सगळेच्या सगळे. माझ्या ओस गल्ल्यांत शेजारच्या वस्तीतली बिऱ्हाडं येऊन राहिली, आणि मी पुन्हा छान मळलो.

पुढे जनावरं परतली, संस्थेचे कॅन सुलटे झाले. एक दिवस ऊन असतानाच छबुबाई वाटी घेऊन दारात आल्या.

"दह्याला का?" शिवकन्येने विचारलं.

"न्हाई गं." त्या जरा लाजल्या. "नातवानं टाकी आनलीय. म्हनलं, दिवा लागायच्या आत जावं."

सुंदररावांनी कातर घेतली. माझा कोपरा त्यांनी असा अलगद कापला, जसा कुणी पहिल्या सायीला हात लावतो. वाटीत आधी टाकीतलं पाणी घातलं, मग तो कोपरा. आणि छबुबाईंना बजावलं, "ह्याला सोडा लावला तर माज्याशी गाठ हाय."

मित्रांनो, तुमच्या टाकीत माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला टाकीच्याच पाण्यात हलकेच दाबा आणि त्याचा जीव त्याच्यापाशी राहू द्या. आणि शेजारी कुणी वाटी घेऊन आलं, तर त्याला एक कोपरा द्या.