ओवीतलं भावाचं नाव

आमच्या बँडचं नाव 'चिपाड'. पहिला अल्बम दौंडच्या स्टुडिओत चालला होता. पाच गाणी मी आन् बँडमधल्या विक्रमनं रचलेली, बाकीची जुनी. जुन्यातली एक आईची ओवी, आन् ती आईनंच गायची हा माझा हट्ट.

आईनं, कुशाबाईनं, हेडफोन चढवला आन् बिनधास्त सूर लावला:

"वाटंवरच्या लिंबा, सावली तुझी दाट,
… माझा बंधु गं, चालून आला वाट."

बंधुच्या आधी नाव घालायचं असतं. गाणारीचा जो भाऊ, त्याचं. आईला भाऊ एकच, मांडवगणचा जोतिबामामा. त्याच्या नावाच्या जागी आई नुसती गुणगुणली.

दोन वर्षांमागं कारखान्याच्या निवडणुकीत मामा एका पॅनलमधून उभा होता आन् माझे वडील, आप्पा, दुसऱ्यातनं. आई आप्पांसाठी आमच्या आख्ख्या निमोणे गावात दारोदार फिरली. मामा पडला. तवापासनं त्यानं बोलणंच टाकलं. भाऊबीजेला आई ओवाळायला गेली, तर हा शहाणा रानात निघून गेला.

"काय भारी गॅप हाय!" विक्रम म्हणाला. "असाच ठेवू. लोक रडत्याल."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या आईचं दुखणं तुला इफेक्ट वाटतंय व्हय रं? थोबाड फोडीन!"

मी बाहेर आले आन् त्याच रागात ते रेकॉर्डिंग मामाला पाठवून दिलं. म्हटलं, ऐकू दे त्यालाबी. चहा संपायच्या आत त्याचा फोन आला.

"नीलम, माझं नाव कुठाय त्यात?"

"तुम्हीच बोलत न्हाई ना तिच्याशी?"

"बोलत न्हाई ते येगळं! ओवीत का न्हाई मी? मेलोय का?"

मी तशीच आत पळाले आन् फोन स्पीकरवर टाकून आईपुढं धरला. मामाचं तेच चाललं होतं, "मेलोय का मी?"

"मुडद्या, जीभ आवर," आई ओरडली. "तुझ्याच नावानं गळा दाटतो म्हणून गिळलं मी."

मग मामा हळूच म्हणाला, "आक्के, परत म्हण की."

आईनं फोन मांडीवर ठेवला आन् ओवी म्हटली, "जोतिबा माझा बंधु गं," नीट, स्पष्ट. ओळ संपायच्या आत फोनमधनं हुंदका आला.

काचेपलीकडनं विक्रमनं हात केला. "काकू, फोनचा आवाज शिरला. अजून एकदा घेऊ."

आईनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "थांब रं बाबा. आधी माझ्या भावाशी बोलू दे मला."