बुरुलचाचा कबरस्तानाचा कॅट

माझी वहिनी बुरुलचा काराकोल गावात पाव भाजते. वहिनीला आमच्याकडे जेंगे म्हणतात. जुळ्या मुली झाल्या तेव्हा जेंगेने टॅबवरचा पत्त्यांचा खेळ सोडला होता. मुली शाळेत जायला लागल्या आणि एका दुपारी तिने तो परत उघडला. सहा वर्षांपूर्वीचा तिचा पत्त्यांचा कॅट जसाच्या तसा होता.

त्या कॅटची रीत सोपी. नऊ डोक्यांचा अजगर हा पत्ता इतका महाग, की तो सरळ खेळायला जावं तर डावच संपत येतो. म्हणून तो मुद्दाम टाकून द्यायचा. टाकलेले आणि मेलेले पत्ते खेळातल्या कबरस्तानात जातात. तिथून एका स्वस्त मंत्राने अजगर उठवायचा, की समोरच्याची दाणादाण.

पण जेंगे पाच डाव खेळली आणि पाचही हरली. मधल्या काळात ‘झाडणारा वारा’ नावाचा नवा पत्ता आला होता. तो अख्खं कबरस्तान साफ करायचा, अजगरासकट.

माझा भाऊ सागिन, म्हणजे तिचा नवरा, हाच खेळ खेळतो आणि गावच्या स्पर्धेत दोन वर्षं पहिला येत होता. जेवताना तो म्हणाला, “तुझ्या मेलेल्यांना झोपू दे आता. दमले असतील बिचारे.”

 दुसऱ्या दिवशी जेंगेने मला भट्टीवर बोलावून घेतलं.

चार दिवस हाच उद्योग. पावाचा एक घाणा निघून दुसरा लागेपर्यंत जेवढा वेळ मिळे तेवढ्यात कॅट बदलायचा. तिचे हात पिठाचे, त्यामुळे ती सांगायची आणि मी बोट चालवायचं. अजगर राहिला. बाकीच्यांतले बारा पत्ते काढले. ‘हाडांचा उंट’ काढायची वेळ आली तेव्हा ती अडून बसली.

“जेंगे, हा एकदाही कामाला आलेला नाही.”

“म्हातारा आहे तो.”

“मग काढू?”

तिने तोंड फिरवलं. “काढ. पण मला सांगू नकोस कधी काढलास ते.”

आम्ही इतक्या हसलो की एक घाणा करपला.

उंटाच्या जागी स्वस्तातले लांडगे आले. मेले की तेही कबरस्तानात, आणि ‘एकच हाक’ नावाच्या नव्या पत्त्याने सगळे एकदम उठणार. कॅटमध्ये वारे दोनच ठेवता येतात. सागिनने ते लांडग्यांवर घालवले, तर अजगर सुरक्षित.

रविवारी दुपारी गावच्या स्पर्धेसाठी लागमानच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, खाणावळीवरच्या खोलीत आठ जण जमले. शेवटचा डाव नवरा-बायकोत लागला. दोन लांडगे मेल्याबरोबर सागिनने पहिला वारा सोडला. मग आणखी तीन मेले. सागिन कबरस्तानाकडे बघत बसला, मग त्याने ओठ चावले आणि दुसराही सोडला. जेंगेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण टेबलाखाली तिचा पाय माझ्या पायावर इतका जोरात पडला की मी कळवळले.

मग सहा लांडगे गेले. त्यांच्यामागून तिने अजगर टाकून दिला. पुढच्या खेपेला अजगर उठला, आणि त्याच दमात तिने हाक मारली. टॅबला एवढी जनावरं झेपेनात, चित्र थबकलं. सगळे श्वास रोखून उभे. मग एक लांडगा आला, दुसरा, तिसरा, सहाच्या सहा. खोलीत हशा आणि टाळ्या. सागिनने दोन्ही हात वर केले.

“हे कधी केलंस?” त्याने विचारलं.

“पाव भाजता भाजता,” ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

खाली येऊन आम्ही आश्ल्यान-फूचे, म्हणजे गार आंबट-तिखट शेवयांचे, तीन वाडगे मागवले. सागिनने आपण कसे हरलो ते खाणावळवालीला सांगितलं, मग शेजारच्या टेबलाला, मग भाजी घेऊन आलेल्या माणसाला. तिसऱ्यांदा सांगताना लांडगे अकरा झाले होते आणि अजगर दोन. जेंगेने वाडग्यातून मान वर केली, विचार केला आणि ती पुन्हा खायला लागली.