घोळका टिकवायचा तर

बहिणीच्या नवऱ्यावर रागवायची सोय नसते, आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर तर मुळीच नसते. त्या सकाळी तळ्याच्या काठावर शिंपी हे दर पाच मिनिटांनी स्वतःला बजावत होता. भावोजी सोफे विकायचे. माणूस दिलदार, बडबड्या आणि मासे धरण्याच्या बाबतीत ठार अडाणी. खरं तर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण अप्पांना गाडीतून न्यायचं होतं आणि गाडी भावोजींची होती.

अप्पा म्हणजे शिंप्याचे वडील. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात कामातून गेला. पन्नास वर्षं काजं केलेल्या त्या बोटांना आता स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. शुक्रवारी ते शांतपणे म्हणाले होते, की रविवारी एक तरी मासा माझ्या हातानं निघाला तर ठीक, नाहीतर माझी गळाची काठी कुणाला तरी देऊन टाक आणि मला पुन्हा तळ्यावर नेऊ नकोस. शिलाईचं यंत्र सुटलं ते सुटलं. आता काठीही सुटली तर अप्पा खिडकीशी जाऊन बसतील आणि तिथून उठायचेच नाहीत, अशी त्याला धास्ती होती.

म्हणून त्यानं तयारी चोख ठेवली. अप्पांना खुर्चीत बसवलं, गळाला कणकेची गोळी लावली, काठी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि शेजारी आपला गळ टाकला. या तळ्यातले मासे वीतभरच, पण घोळक्यानं फिरणारे. घोळका आला की धडाधड लागतात आणि बिनसलं की क्षणात पसार. तो टिकवायचे नियम अप्पांनीच त्याला लहानपणी शिकवले होते. चारा चिमटीनं टाकायचा, पोट भरेल इतका नाही. एक तरी गळ कायम पाण्यात हवा. धरलेला मासा तिथेच परत सोडायचा नाही, कारण तो बिथरलेला असतो आणि बाकीच्यांनाही घेऊन पळतो. आणि मासे लागत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही.

साडेआठला घोळका आला. शिंप्यानं पहिला मासा काढला आणि पाण्यातल्या जाळीच्या पिशवीत टाकला. लगेच दुसरा. तिसरा भावोजींनी गळावरून सोडवून देतो म्हणून हातात घेतला, त्याच्याकडे मायेनं पाहिलं, आणि बिचारा फार लहान आहे हो, असं म्हणत पाण्यात सोडून दिला. शिंप्याची तळपायाची आग मस्तकात गेली. पण थोरल्या बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्यानं नुसते दात आवळले.

नशिबानं घोळका हलला नाही. मासे लागत राहिले, पण सगळे शिंप्यालाच. अप्पांच्या गळाचं तरंगतं बूच पाण्यावर ढिम्म. मासे तिकडे सरकावेत म्हणून शिंपी दर मिनिटाला त्या बुचाभोवती चिमूटभर चारा टाकत होता, तरी फरक पडेना. त्यात भावोजींना गप्प बसवेना. ते कानाशी येऊन म्हणाले, ''अहो, मी काय म्हणतो, अप्पांच्या...'' शिंप्यानं ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं त्यांनी शिंप्याचा खांदा हलवून अप्पांकडे बोट दाखवलं. शिंप्यानं असे डोळे वटारले की गिऱ्हाईक असतं तर कापड टाकून पळालं असतं. मग ते स्वतःच अप्पांकडे निघाले, तेव्हा त्यानं त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. या माणसाशी संसार करता करता ताईच्या नाकी नऊ येत असणार, असं त्याच्या मनात आलं.

तासाभरात अकरा मासे निघाले आणि मग पाणी शांत झालं. आणखी अर्धा तास वाट पाहून शिंप्यानं आशा सोडली. सगळा वैताग भावोजींवर काढायचं मनाशी ठरवून तो अप्पांची काठी आवरायला गेला. दोरा वर आला. गळ स्वच्छ, कोरा. गोळीचा मागमूस नव्हता.

''अप्पा, हे कधीपासून?''

''घोळका आला तेव्हापासून. पहिला मासा माझ्याकडेच आला होता. डाव्या हातानं ओढायला उशीर झाला, तो गोळी घेऊन गेला.''

''मग सांगितलं का नाही?''

''तुला लागत होते ना,'' अप्पा म्हणाले. ''मध्येच कसं बोलणार?''

शिंप्यानं भावोजींकडे पाहिलं. ते खाली मान घालून बुटांना लागलेला चिखल काढत होते. मी तेच सांगत होतो, असं ते म्हणू शकले असते, पण म्हणाले नाहीत. त्यामुळे शिंप्याला जास्तच लागलं. तासभर तो अप्पांसाठी घोळका राखत होता आणि त्या तासात त्यानं एकदाही अप्पांकडे वळून पाहिलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं नवी गोळी मळली. पण अप्पांनी मान हलवली आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

शिंपी त्यांच्या खुर्चीशी वाकला. ''अप्पा, काठी कुणालाही द्यायची नाही. पुढच्या रविवारी परत येऊ.''

''येणार तर आहेच,'' अप्पा म्हणाले. ''पण तू दुकानात बस. मला जावईबापू आणतील.''