मोगऱ्याच्या मुळाशी खारी वाळू

मित्रांनो, मी एक जुनी खारी वाळू आहे. जव्हारच्या एका लॉजमागे, मोगऱ्याच्या वाफ्याच्या कडेला माझा ढीग पडला आहे. मला क्षमा शिकवू नका. आधी ऐका.

समुद्रातल्या प्रवाळांच्या चुऱ्यातून माझा जन्म झाला. चंदाने मला ठाण्याहून आणले. लग्नाआधी ती तिथे शोभेच्या माशांच्या दुकानात काम करायची. सासरच्या लॉजमध्ये तिने खाऱ्या पाण्याची काचेची मोठी टाकी मांडली. तिचा दीर नीलेश म्हणाला, "वहिनी, ओढ्याची वाळू फुकट मिळते की."

"ती या पाण्याला चालत नाही, भाऊजी. हिच्यात चुना असतो, ही पाणी सांभाळते."

मी सुखावले. माझ्या कणाकणांवर डोळ्यांना न दिसणारे जीव राहत आणि माशांची घाण पचवत. केशरी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी माझ्या अंगावर वाढली. पाहुणे ताटातले जेवण निवेपर्यंत टाकीपुढे उभे राहत. चंदा नळीने माझ्यावरचा गाळ हळूच ओढून घेई.

मग मी जुनी झाले. माझ्या तळाशी, जिथे हवा पोचत नाही, तिथे विषारी वायू साठला. चंदाने नीलेशला बजावले होते, "हिला एकदम उपसायचं नाही. आधी मासे दुसऱ्या पाण्यात ठेवायचे, मग एकेक कोपरा बदलायचा."

एकदा ती माहेरी, जामसरला गेली. लॉजवर मोठे पाहुणे यायचे होते आणि नीलेशला टाकीत निळे खडे हवे होते. मासे आत असतानाच त्याने मला तळापासून उपसले. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. मासे वर येऊन तोंड वासत राहिले, मग आडवे झाले.

चंदा परतली तेव्हा नीलेशने आपल्या आईला, गोजाबाईंना, सगळ्यांदेखत सांगितले, "वहिनीनं जाताना खाणं जास्त टाकलं. त्यानंच मेले."

"यापुढं टाकीला हात लावू नको," गोजाबाई सुनेला म्हणाल्या. चंदाने दोन्ही मासे पदरात घेतले आणि परसात पुरले.

उन्हाळ्यात इकडे पाण्याचे हाल. नीलेशने टाकीतले पाणी आणि उपसल्यापासून पोत्यात पडून असलेल्या मला, दोघांनाही आपल्या मोगऱ्याच्या रोपांवर ओतले. "पाणी कशाला वाया घालवायचं? जरासं खारट, काय होतंय?"

मित्रांनो, माझ्या अंगात मीठ भरलेले होते. मी ते मुळांना पाजले, अगदी मन लावून. पानांच्या कडा करपल्या. कळ्या उमलण्याआधीच गळाल्या. चंदा रोज स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि आत वळायची. तिला सगळे कळत होते. ती गप्प राहिली म्हणून मला ती आणखी आवडली.

नीलेशने औषधे फवारली, काही उपयोग झाला नाही. शेवटी तो आईला घेऊन चंदापुढे आला. "वहिनी, झाडांना काय झालंय, बघा ना."

चंदा भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "मासे कशानं मेले, ते आधी आईंना सांगा, भाऊजी."

"मीच वाळू उपसली होती, त्यानंच मेले," तो म्हणाला.

गोजाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. "आणि बोलणी हिला खायला लावलीस."

त्यानंतरच चंदाने उपाय सांगितला: वाळू खरवडून काढा, मुळांना भरपूर गोडे पाणी द्या. दूरच्या विहिरीवरून नीलेश स्वतः हंडे वाहू लागला. लोक बघत, हसत. तरी अर्धी रोपे गेलीच. गोजाबाईंनी टाकी पुन्हा चंदाच्या हवाली केली, पण तिने अजून तीत मासे सोडलेले नाहीत.

मोगऱ्याने माझे काही वाकडे केले नव्हते, हे मला कळते. तरी माझा राग निवलेला नाही. मित्रांनो, तुमच्या टाकीतली वाळू बदलताना घाई करू नका. तिच्या पोटात काय साठले आहे, ते वरून दिसत नाही. आणि ती बाहेर काढलीत, तर कुणाच्या मुळाशी टाकू नका. आम्हांला दया येत नाही.