किल्लीचं झालं काय?

हॅलो... हॅलो... मागच्या रांगेपर्यंत येतंय ना ऐकू? घाबरू नका, भाषण नाही ठोकणार. मी माईक बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं मोठी करून सांगितली, आज एकदाच माझं स्वतःचं सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर छापलेलं होतं, पण खोकं कधीच फाटलं. मला आठवतं ते थेट मस्कत. तिथल्या रुवी भागातल्या दुकानाच्या फळीवरून रशीदभाईंनी मला उचललं. रशीदभाई मूळचे रत्नागिरीकडचे. मस्कतमध्येच वादी अदाईत त्यांचं स्पीकर आणि माईक भाड्याने देण्याचं दुकान आहे. मी बिनवायरचा, हातात धरायचा. म्हणून रशीदभाईंचा लाडका, आणि म्हणूनच सगळ्यांच्या तावडीत सापडणारा.

मला हातात घेतलं की माणसं आधी माझ्या टाळक्यावर टकटक करतात. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी काय दार आहे? वसईच्या फ्रेडरिकसाहेबांनी लग्नात मला धरलं की ते स्वतःच्याच विनोदाला हसत सुटतात आणि त्यांची थुंकी मला सोसावी लागते. शाळेच्या कार्यक्रमात पोरं मराठी भाषण पाठ करून येतात, मध्येच अडकतात आणि माझ्याकडे केविलवाणं बघतात. त्यांचा मात्र मला राग येत नाही. राग येतो तो ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ म्हणणाऱ्यांचा. ते तासभर मला सोडत नाहीत.

अशाच एका दोन शब्दांच्या कार्यक्रमाची ही गोष्ट.

समुद्रात दूर एक इवलासा बेटाचा देश आहे. सात-आठ पिढ्यांपूर्वी कोकणातली माणसं तिथे ऊस तोडायला गेली आणि तिथलीच झाली. घरात, बाजारात ती क्रेओल बोलतात. मराठी उरली ती देवापुढे आणि गाण्यात. देशाचं नाव मी सांगत नाही. नेत्याचं तर मुळीच नाही, मला अजून बरीच लग्नं वाजवायची आहेत. त्या बेटावरची काही कुटुंबं मस्कतमध्ये नोकरीला आहेत, इथल्या मराठी माणसांत राहून मोडकंतोडकं मराठी बोलू लागली आहेत, आणि मागच्या थंडीत त्यांनी अल हैलच्या एका हॉलमध्ये संमेलन ठेवलं. बेटावरून खुद्द एक मंत्रीसाहेब पाहुणे म्हणून येणार होते.

कार्यक्रमाआधी मी स्पीकरच्या पेटीवर पडलो होतो. शेजारी रामकृष्ण ढोलकीच्या दोऱ्या ताणत होता. हा एका हॉटेलच्या लाँड्रीचा मुख्य, पन्नाशीचा, शांत माणूस. पण त्या दिवशी तो ताणलेली दोरी सोडून पुन्हा ताणत होता. त्याची बायको नयना जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, “तू काय करणार ते मला माहीत हाय. नको करू.”

“एकच सवाल, नयना. दवाखाना कधी उघडणार, एवढाच.”

मग त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. बेटावर रामकृष्णच्या गावात दवाखाना बांधून तयार होता. निवडणुकीआधी याच मंत्र्यांनी फीत कापली, फोटो काढले, मिठाई वाटली. निवडणूक झाली आणि दाराला कुलूप लागलं. डॉक्टर नाही, नर्स नाही, कुणाला विचारावं तर किल्ली कुणाकडे आहे तेही माहीत नाही. त्याच्या आईला मधुमेह. पायाची जखम चिघळलेली. ती म्हातारी पट्टी बदलायला दोन बस बदलून शहरात जाते, आणि परतताना त्या बंद दवाखान्याच्या पायरीवर दम खात बसते.

“आणि शिरीष?” नयनाने विचारलं. शिरीष तिचा धाकटा भाऊ. सरकारी नोकरीसाठी त्याची फाईल याच मंत्र्यांच्या टेबलावर होती. “साहेबांच्या मनात आलं तर आजच सही, नाय आलं तर खलास. तुझी आय माझी पण आय हाय. पण तू बोलला तर दवाखाना उघडेल काय? नाय. फक्त शिरीष जाईल.” मग ती थकून म्हणाली, “की पू फेर!”

हे त्यांचं क्रेओल. शब्दशः अर्थ ‘काय करायचं?’, पण त्या बेटावर तो प्रश्न म्हणून कुणी विचारत नाही. पाणी गेलं, की पू फेर. रस्ता खचला, की पू फेर. खांदे उडवायचे आणि पुढे चालायचं. संध्याकाळभर मी ते इतक्या तोंडांतून ऐकलं की मला चीड यायला लागली.

मंत्रीसाहेब आले. हार झाले. मग मी त्यांच्या हातात गेलो. हात मऊ आणि गार. त्यांनी मराठीत सुरुवात केली, “माझ्या लाडक्या बंधू-भगिनींनो,” आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र त्यांच्या हातातला कागद दिसत होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते मराठी साहेब बोट फिरवून वाचत होते. एकाही शब्दाचा अर्थ त्यांना कळत नव्हता. बाकीचं भाषण क्रेओलमध्ये झालं. रस्ते, बंदर, विमानतळ, सगळं होणार, लवकरच होणार. चार दिवस मस्कतमध्ये राहून एक शब्द त्यांनी उचलला होता, तो दर वाक्याला लावत होते, “इन्शाल्ला!” लोक टाळ्या वाजवत होते.

“काही सवाल असेल तर विचारा,” साहेब क्रेओलमध्येच हसत म्हणाले. असं म्हटलं की कुणी विचारत नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

रामकृष्ण उठला.

संमेलनाचे अध्यक्ष वाऱ्यासारखे रशीदभाईंकडे धावले. “त्याच्या हातात माईक गेला की आवाज बंद. बंदच ठेवा. मी सांगेपर्यंत चालू करायचा नाही.” रशीदभाईंचाही चेहरा उतरला. परवानगी सांस्कृतिक कार्यक्रमाची होती, राजकारणाची नव्हती. भलतं काही झालं तर सामान जप्त, धंदा बंद. त्यांनी यंत्रावरची माझ्या आवाजाची खुंटी खाली ओढली.

मी रामकृष्णच्या हातात पोहोचलो तेव्हा माझा हिरवा दिवा जळत होता, पण मी मुका होतो. तो बोलला. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलला. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं, मग अध्यक्षांकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ज्या कामासाठी जन्मलो तेच मला करता येत नव्हतं.

त्याने मला टेबलावर ठेवलं, ढोलकी गळ्यात अडकवली आणि थाप मारली.

त्यांच्याकडे झाकरी म्हणून गाण्याचा प्रकार आहे. गणपतीत गोल धरून नाचतात, मधला ढोलकीवाला ओळ म्हणतो आणि बाकीच्यांनी ती उचलायची. आजोबा-पणजोबांपासूनची सवय. ओळ कानावर पडली की तोंड आपोआप उघडतं, अर्थ नंतर कळतो. रामकृष्णने आधी गणपतीला वंदन केलं. लोकांनी खुशीत उचललं. साहेबही टाळी धरू लागले. आणि मग,

“पायरीवर बसली माय, सुजला तिचा पाय,
दवाखान्याला कुलूप, दादा, किल्लीचं झालं काय?”

“किल्लीचं झालं काय?” सगळा हॉल गरजला, आणि गरजल्यावर चपापला. आपण काय म्हटलं ते आता लोकांना कळलं होतं. ढोलकी चालूच होती. रामकृष्णने तीच ओळ पुन्हा म्हटली. या वेळी कुणी तोंड उघडेना. अध्यक्ष डोळे वटारून उभे. फक्त साहेब, शब्द न कळल्यामुळे, अजून हसत टाळ्या वाजवत होते.

आणि मागून एक बारीक, कापरा आवाज आला, “किल्लीचं झालं काय?”

नयना. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ओळ तिने सोडली नाही. मग दुसरा आवाज, तिसरा, मग सगळे. इकडे रशीदभाई पुटपुटले, “अरे, ही तर आमच्या गावची जाखडी! गाणा म्हंजे सांस्कृतिकच ना? मग माझा काय जातंय?” आणि तेही गाऊ लागले.

कुणीतरी साहेबांच्या कानात अर्थ सांगितला. त्यांच्या टाळ्या थांबल्या. ढोलकीही थांबली. झाकरीचा रिवाज असा की ज्याला सवाल घातला त्याने जवाब द्यायचा. सगळे वाट पाहत होते. साहेबांनी टेबलावरून मला उचललं, टाळक्यावर टकटक केली आणि बोलायला लागले.

काही ऐकू येईना. “हॅलो, हॅलो.” काही नाही. अध्यक्ष रशीदभाईंना खुणा करत होते. रशीदभाई भाबडा चेहरा करून मोठ्याने म्हणाले, “अध्यक्षसाहेब, तुम्हीच बोललाव ना, बंदच ठेवा म्हणून?”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांच्या ओठांपाशी मीच होतो, त्यामुळे ते काय बोलले ते मला एकट्याला ऐकू आलं. आधी ते म्हणाले, “लवकरच.” मग मान वळवून चिटणिसाला म्हणाले, “त्या माणसाचं नाव विचारून ठेव.”

हे मी कुणाला सांगू शकलो नाही. माझी खुंटी खालीच होती.

परवा रामकृष्ण दुकानात आला होता, ढोलकीला कातड्याचं नवं पान बसवणारा कुणी आहे का विचारायला. रशीदभाईंनी चहा मागवला आणि भीत भीत विचारलं, “तुमच्या मेव्हण्याचा काम झाला काय?”

“नाय. फाईल परत आली.”

“आणि दवाखाना?”

“कुलूप हाय तसंच. पण आय सांगते, गावातली पोरं रोज संध्याकाळी त्या पायरीवर झाकरी म्हणतात.”

“भाभी नाराज असतील.”

रामकृष्ण म्हणाला, “भावाची फाईल आली त्या दिवशी ती रडली. माझ्याशी बोलली पण नाय. दुसऱ्या सकाळी समोर येऊन बसली आणि बोलली, की पू फेर?”

“म्हंजे तोच आपला, काय करायचं, चालायचंच...”

“नाय, रशीदभाय. या टायमाला तिने विचारलं.”

मी आता फळीवर पडून असतो. टाळक्याला पोचा आलाय, आवाज थोडा खरखरतो. ज्यांच्या हातात मी दिला जाईन त्यांना एकच विनंती आहे. व्यासपीठावर खूप फिरलो, आता मला जरा खाली, खुर्च्यांच्या मधून फिरवा. आणि कुणी प्रश्न विचारायला उभं राहिलं, तर तेवढा वेळ माझी खुंटी वर असू द्या.