मालकाचं विचारणं

डोडनं घोडीचा पाय मांडीवर घेतला आणि खुरात रुतलेला खडा उकरायला लागला. मालक तबेल्यात आला, घोडीच्या पाठीवरून हात फिरवून न बोलताच निघून गेला.

"आजही नाही?" शेजारच्या ठाणातून दुसरा गडी वॉटी म्हणाला. "मला कधीच विचारून झालं, राहतोस ना म्हणून. तू काय त्याच्या कोंबड्या चोरल्यास?"

डोड हसला नाही. स्कॉटलंडच्या अबर्डीनशरमध्ये 'जा' असं कुणी म्हणत नसे. मे सरायच्या आत मालकानं विचारलं नाही, की गड्यानं खोपट रिकामं करून दुसरं शेत गाठायचं. गेल्या खेपेला उघड्या गाडीत भिजलेला म्हातारा बाप तेव्हापासून अंथरुणालाच खिळला होता. आणखी एक प्रवास त्याला सोसणार नव्हता.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचनाचा शेवट गळा मोकळा सोडून गायला. ते सूर छपराला भिडले, आणि डोडला वाटलं, देवाला आपलं नाव ठाऊक आहे. बाहेर पडताच खांद्यावर मालकाचा हात पडला.

"राहतोस ना, डोड?"

"राहतो, मालक! राहतो!"

"बरं. तुझ्या पोरीला, टिबीला धाड आमच्या स्वैपाकघरात. मोठी झाली की आता. निजायला माडीवर खोली आहे."

घरी डोडनं हे सांगितलं तेव्हा बायको, मार्गेट, पेज ढवळत होती. तिचा हात थांबला.

"टिबी, झऱ्यावरून पाणी आण." पोरगी बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तिथली आधीची पोरगी का गेली, ते विचारलंस?"



"माझ्या आईलाही अशीच माडीवर खोली दिली होती," अंथरुणातून म्हातारा बोलला. "मी आईचंच आडनाव का लावतो, वाटलं तुला?"

डोड अंथरुणाजवळ गेला.

"पण बाबा, तुम्हाला गाडीत..."

"मला तळाशी घाला. तेवढं कपाट छातीवर ठेवू नका म्हणजे झालं."

तो आपल्याच विनोदावर हसला आणि त्याला खोकल्याची मोठी उबळ आली. ती ओसरेपर्यंत डोड थांबला. मग त्यानं टोपी घातली आणि मालकाच्या घराची वाट धरली. मार्गेट फळीवरच्या बशा उतरवून पेटीत भरायला लागली.