मी पुसू दिली नाही ती ओळ

मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा आपलं म्हणायचं. तेरा वर्षं लिहून आणि पुसून माझा रंग धुवून विटलेल्या सदऱ्यासारखा झाला आहे. एक कोपरा फुटला आहे आणि पेन ठेवायची पट्टी एकाच स्क्रूवर लोंबते आहे. पण मित्रांनो, मला बिचारा म्हणू नका. मी अजून भिंतीवर आहे, आणि का आहे तेच सांगायला बसलो आहे.

कारखान्यात पत्र्यावर पांढरा मुलामा चढवून मला बनवलं. माझ्याबरोबरचे बाकीचे फळे शाळांमध्ये गेले. मी गेलो एका बातम्यांच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे कागद छापत नसत. बातमी लिहायची, बटण दाबायचं, की ती लोकांच्या फोनवर. अकरा टेबलं, एक खिडकी, एक दार आणि त्या दोहोंच्या मधल्या भिंतीवर मी. रोज सकाळी संपादकबाई माझ्यावर दिवसभराचे मथळे लिहीत आणि संध्याकाळी पुसून टाकत.

पहिल्याच वर्षी घोळ झाला. गावातले एक म्हातारे फुटबॉल प्रशिक्षक वारले असं आमच्या लोकांनी कुठेतरी वाचलं आणि घाईघाईने बातमी टाकून दिली. फोटो, हळहळ, सगळं यथासांग. वीस मिनिटांत कचेरीतला फोन वाजला. बाईंनी उचलला.

"मी बोलतोय," पलीकडून आवाज आला. "तुम्ही मारलेला माणूस. निदान फोटो तरी बरा लावायचा!"

बाई कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी चार वेळा माफी मागितली, फोन ठेवला आणि हाताला लागेल ते पेन उचलून माझ्या अगदी वरच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फोन केला का?' रागाच्या भरात त्यांनी उचललं होतं ते पार्सलवर पत्ते लिहायचं, पक्क्या शाईचं पेन. संध्याकाळी पुसायला गेल्या तर ओळ हलेना.

"असू दे," त्या म्हणाल्या. "माझीच शिक्षा आहे ती."

मला ती शिक्षा वाटली नाही. माझ्यावरचं सगळं रोज पुसलं जायचं. पहिल्यांदाच काहीतरी माझं म्हणून राहिलं होतं.

पुढे जावईबापूंचे दिवस आले. कुणाच्या फोनवर कोणती बातमी वर दिसेल, हे एका दूरच्या मोठ्या कंपनीचा संगणक ठरवतो. त्याच्या त्या ठरवण्याच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. ती कुणी पाहिली नव्हती, पण तिची मर्जी राखता राखता सगळ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून बाईंनी तिचं नाव ठेवलं जावईबापू. "जावईबापू रुसले," असं सकाळी कुणी म्हटलं, की समजायचं, वाचक घटले.

किती वाचक आले हे पाहायला एक गृहस्थ होते. त्यांना सगळे आकडेमास्तर म्हणत. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. ते माझ्यावर नवनवे नियम लिहीत. मथळ्यात आकडा हवा. आकडा नको, प्रश्न हवा. प्रश्न नको, 'तुम्हाला धक्का बसेल' हवं. मग लिहिणंच नको, व्हिडिओ करा. सहा महिने खपून सगळे आडवा व्हिडिओ करायला शिकले, तेव्हा कळलं की जावईबापूंना आता उभा लागतो. एवढे लाड करूनही अकरा टेबलांची सहा झाली. जाणारा प्रत्येक जण दारातून बाहेर पडताना एकदा माझ्याकडे पाहायचा.

आकडेमास्तरांना माझी ओळ खुपायची. "उगाच जागा अडवते," असं म्हणून ते स्पिरिटचा बोळा घेऊन ती घासत बसत. माझा मुलामा गेला, कोपरा फुटला, पण ती ओळ मी सोडली नाही. घास बाबा, म्हटलं, बघू कोण आधी दमतं.

एका दुपारी सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरू लागला. नदीवरच्या पुलाला हातभर तडा! इतर ठिकाणी बातमी झळकलीसुद्धा.

"टाका लवकर!" आकडेमास्तर उभेच राहिले. "एवढे वाचक वर्षात आले नसतील. आज नाही टाकली, तर ही सहा टेबलंही राहायची नाहीत."

बाईंचं बोट बटणावर होतं. त्यांनी मान वर केली आणि मला वाचलं. मग बोट उचललं आणि पुलाच्या इंजिनिअरला फोन लावला.

"अहो, मी पुलावरच उभा आहे," तो वैतागून म्हणाला. "तडा-बिडा काही नाही. व्हिडिओतला पूल आपला नव्हेच! आपल्याला चार खांब, त्याला सहा. मोजायचे तरी!"

आम्ही साधा मथळा दिला: 'पूल ठीक आहे, आम्ही विचारलं.' त्यात आकडा नव्हता, प्रश्न नव्हता, धक्का तर नव्हताच. जावईबापूंनी ढुंकूनही पाहिलं नाही. आकडेमास्तर डोकं धरून बसले.

पण ज्यांनी ती बातमी वाचली त्यांनीच ती इतरांना सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून कचेरीतला फोन वाजू लागला. "नळाचं पाणी खराब आहे म्हणतात, तुम्ही फोन केलात का?" "शाळा बंद होणार म्हणे, विचारलंत का?" लोक विचारत, आमचे लोक फोन करत आणि खरं काय ते रोज संध्याकाळी थेट त्यांच्या फोनवर पाठवत. मध्ये जावईबापू नाहीत. बाईंनी सदराचं नाव ठेवलं, 'फोन केला'. सहा टेबलं सहाच राहिली, पण राहिली.

एवढं झालं तरी गेल्या महिन्यात आकडेमास्तरांनी माझ्या जागी एक भलामोठा पडदा मागवला. सगळे आकडे झगमगत दिसावेत म्हणून. दोन कारागीर आले आणि त्यांनी मला उतरवून भिंतीशी टेकवलं. माझी ओळ आता भंगारात जाणार, या विचाराने मी संतापलो होतो. त्यांनी पडदा उचलून भिंतीला लावून पाहिला. तो वीतभर दारावर येत होता.

"दार उघडायचं नाही का तुम्हाला?" कारागीर म्हणाला. "मागवण्याआधी मापासाठी आमच्या दुकानात फोन केला होता का?"

मग एकेक करून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यात आधी हसले ते आकडेमास्तर. हसता हसता त्यांनीच मला एका बाजूने उचललं आणि पुन्हा जागेवर टांगलं. स्पिरिटची बाटली त्या दिवसापासून दिसलेली नाही.

मित्रांनो, माझ्यावरचं बाकी सगळं खुशाल पुसा. नवं लिहा, उद्या तेही पुसा, मला राग नाही. ही एक ओळ मात्र मी देणार नाही. तुम्हीही रोज काहीबाही वाचता आणि लगेच पुढे दहा जणांना पाठवता. त्याआधी क्षणभर थांबा आणि माझ्या वरच्या कडेला काय लिहिलं आहे ते आठवा. फोन तर तुमच्या हातातच आहे. केला का?